तेनपाई होऊनही रॉनचं बटण का आलं नाही, आणि ओपन कॉल कधी करावा

तुमचा रीची महजोंगचा (जपानी महजोंगचा) ऑनलाइन डाव आधी पुन्हा मांडते, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही पुढचं कळेल. या खेळात चार संच आणि एक जोडी जुळवायची असते; जिंकायला एकच टाइल बाकी राहिली की ती तेनपाई, आणि दुसऱ्याने टाकलेल्या टाइलवर जिंकणं म्हणजे रॉन. मान, सो आणि पिन हे १ ते ९ आकड्यांच्या टाइल्सचे तीन रंग. हातात मानच्या ३-४-५ (त्यातली ५ लाल), सोच्या ७-८, पिनच्या २-४, ९ पिनची जोडी, हाकूची म्हणजे पांढऱ्या ड्रॅगनची जोडी आणि दोन सुट्या टाइल्स. दुसऱ्या पाळीला समोरच्याने हाकू टाकला, तो तुम्ही रीची (हात बंद ठेवून तेनपाई जाहीर करणं) करायच्या विचाराने सोडला. पाचव्या पाळीला डावीकडच्याच्या ६ सोवर ची केली (टाकलेली टाइल घेऊन क्रमाचा संच उघडा मांडला), आठव्याला ३ पिनवर पुन्हा ची, आणि तेनपाई झाली. मग समोरच्याने ९ पिन टाकली, तर रॉनऐवजी फक्त पॉनचं (टाकलेली टाइल घेऊन तीन सारख्यांचा संच मांडण्याचं) बटण आलं. लगेच पुढे डावीकडच्याने हाकू टाकला, तेव्हाही तेच. नंतर उजवीकडच्याने रीची केली, तुम्ही उचललेली ६ पिन तशीच टाकली, त्यावर रॉन झालं आणि तुमचे ८००० गुण गेले. तुम्ही विचारताय की हा बग आहे का, ओपन कॉल (ची आणि पॉन) कायमचे बंद करावेत का, आणि 'कॉल नको' हे बटण नेहमी चालू ठेवलं तर चालेल का.

बग नाही. पण बटण का आलं नाही हा यातला छोटा प्रश्न आहे. मोठा प्रश्न पाचव्या पाळीचा आहे, कारण हा हात तिथेच अडला. आठव्या पाळीपर्यंत त्याचा परिणाम फक्त दिसला नव्हता.

छोटा भाग आधी संपवते. जिंकायला चार संच आणि एक जोडी पुरत नाही, किमान एक याकू, म्हणजे नियमात ठरलेला नमुना किंवा अट, लागतो. रमीत प्युअर सीक्वेन्स नसेल तर बाकी सगळी पानं जुळूनही डिक्लेअर करता येत नाही, तसंच हे. बंद हाताला (ज्यात ची-पॉन केलेली नाही) ही अडचण जाणवत नाही, कारण रीची हाच एक याकू आहे आणि बंद हातावर स्वतः उचलून केलेला त्सुमोही याकू आहे. ची किंवा पॉन केली की हे दोन्ही जातात, सोबत पिनफू (बंद हाताचा एक याकू), इप्पात्सू (रीचीनंतर एका फेरीत जिंकल्याचा याकू) आणि उरा डोराही (रीची करून जिंकल्यावर उघडणारा बोनस) जातात. तुमच्या उघड्या हातात ९ पिन आली तर तीन ९ पिन आणि हाकूची जोडी होते, त्यात एकही याकू नाही. लाल पाच आणि डोरा गुण वाढवतात, पण ते याकू नाहीत. हाकू आला असता तर तीन हाकूंचा याकुहाई (ड्रॅगन किंवा ठरावीक वाऱ्याच्या तीन सारख्या टाइल्सचा याकू) झाला असता. म्हणजे दिसायला वाट (हात पुरा करणाऱ्या टाइल्स) दोन टाइल्सची होती आणि जिंकता येणार होतं एकाच टाइलवर. जपानीत अशा वाटेला काताआगारी म्हणतात.

मग हाकूवर तरी बटण का नाही? कारण फुरितेन. तेनपाईत असताना हाताचा आकार पुरा करणारी टाइल दुसऱ्या कुणी टाकली आणि तुम्ही त्यावर रॉन केलं नाही, तर तुमची पुढची पाळी येईपर्यंत कुठल्याच टाइलवर रॉन करता येत नाही. ती टाइल याकू देत नव्हती म्हणून सवलत मिळत नाही. समोरच्याची ९ पिन गेली तेव्हा तुम्ही तात्पुरत्या फुरितेनमध्ये गेलात आणि डावीकडच्याचा हाकू तुमची पाळी यायच्या आत पडला. काताआगारी वाट नवख्यांना वाटते त्याहून वाईट असते ती यामुळेच. बिनकामाची बाजू नुसती निरुपयोगी नसते, ती कामाच्या बाजूचाही रस्ता अडवते.

त्या क्षणी एक चाल मात्र होती आणि ती तुमच्यासमोर बटणाच्या रूपात आलीही होती: हाकूवर पॉन. पॉन करून ९ पिनची एक टाकायची. समोरच्याने ती आत्ताच टाकलेली असल्यामुळे टाकायलाही बरी होती. हातात मानच्या ३-४-५ आणि एक ९ पिन उरते. याकू पक्का झाला. वाट ९ पिनवरच, आणि ती स्वतः टाकल्यामुळे फुरितेन, पण पुढच्या पाळीला वाट बदलली की ते संपतं. पुढच्या उचलीत २ मान आली असती तर ९ पिन टाकून २-३-४-५, म्हणजे २ आणि ५ वर वाट. ६ मान आली असती तर ३ आणि ६ वर. दोन्ही वेळी उरलेल्या टाइल्स सहा, त्यातल्या तुम्हाला दिसलेल्या वजा करायच्या. दुसरं काही आलं तरी त्याच्यावर एकट्या टाइलची वाट धरता येते. अजून कुणी रीची केलेली नव्हती, त्यामुळे मी तरी ही पॉन केली असती. 'तेनपाई आहे, आता कशाला मोडू' हा विचार इथे आड येतो. याकू नसलेली तेनपाई मोडताना आपण फार थोडं गमावतो.

आता पाचवी पाळी. जपानी टेबलांवर याकू हातात नसताना हात उघडून तो नंतर जोडण्याला आतोझुके म्हणतात. याकुहाईच्या जोडीच्या भरवशावर केलं तर बोलीभाषेत 'याकुहाई बॅक'. हे चालतं की नाही हे आधी नियमांवर अवलंबून. तेनहोऊ आणि महजोंग सोल या ऑनलाइन खेळांच्या रँक सामन्यांत चालतं, २०१८ मध्ये सुरू झालेल्या जपानच्या व्यावसायिक एम लीगमध्येही चालतं. पण काही मंडळींत पहिल्याच कॉलने याकू ठरला पाहिजे असा नियम असतो, काही ठिकाणी उघडा तान्याओ (फक्त २ ते ८ च्या टाइल्सचा याकू) चालत नाही. अनोळखी टेबलावर बसताना मी हे दोन प्रश्न आधी विचारते. आणखी एक फरक आहे. जपान प्रोफेशनल महजोंग लीगच्या जुन्या पद्धतीच्या नियमांत इप्पात्सू आणि उरा डोरा नाहीत. तिथे रीचीचं वजन कमी होतं आणि उघड्या हाताचं तुलनेने वाढतं. ऑनलाइन खेळात लाल पाच, इप्पात्सू, उरा हे सगळं असतं, म्हणून हात उघडताना आपण बरंच काही सोडून देतो.

आतोझुके वाईट नाही. मी ते नेहमी करते. पण करण्याआधी जी टाइल याकू देणार आहे ती जगात किती उरली आहे हे मोजते. तुमच्या बाबतीत हाकू एकूण चार, दोन तुमच्या हातात, एक दुसऱ्या पाळीला समोरच्याच्या ओळीत पडलेला. उरला एक. ६ सोवर ची करताना तुम्ही सगळा हात त्या एका टाइलवर टांगलात. तान्याओ शक्य नव्हता, कारण ९ पिन आणि हाकू आहेत. एका रंगाचा होनित्सू नाही, तीन रंगांचा सानशोकूही नाही. याकूचा दुसरा मार्गच नव्हता.

म्हणून खरा निर्णय दुसऱ्या पाळीचा होता. तिथे दोन सरळ योजना होत्या आणि दोन्ही मला मान्य आहेत. पहिली: हाकूवर लगेच पॉन. याकू खिशात, मग ६-९ सो किंवा ३ पिन डावीकडच्याकडून किंवा स्वतः उचलून घेता येतात आणि जिंकताना कुठलीही बाजू चालते. किंमत याकुहाई आणि लाल पाच मिळून २००० गुण. दुसरी: हाकू सोडायचा आणि हात बंद ठेवायचा. मग शेवटी ९ पिन आणि हाकूवर वाट आली तरी रीची करता येते, ९ पिनवर २६०० आणि हाकूवर ५२००, तेही उरा डोरा धरण्याआधी. तुम्ही निम्मी एक आणि निम्मी दुसरी योजना घेतली: हाकू सोडला आणि मग हात उघडला. पहिला हाकू सोडला की माझ्यासाठी तो हात बंदच राहतो, मध्ये काही फार वेगळं घडलं नाही तर.

'मग दोन्ही हाकू जिवंत असते तर?' तर मी पाचव्या पाळीला ६ सो तरीही घेतली नसती. ७-८ ही रयानमेन, म्हणजे दोन्ही टोकांनी भरणारी, ६ आणि ९ मिळून आठ टाइल्सची. तो आकार भिंतीतून (उचलायच्या टाइल्सच्या साठ्यातून) उचलूनही भरतो. अडचणीचा आकार २-४ पिन, ज्याला फक्त ३ लागते. डावीकडच्याने ३ पिन टाकली असती तर मात्र विचार केला असता, कारण मग हाकूवर पॉन झाल्यावर वाट ६-९ ची उरते. याकू देणारी टाइल शेवटची, जिंकायची टाइल म्हणून ठेवू नये, मधल्या पॉनसाठी ठेवावी. पॉन केलेला हाकू याकू पक्का करतो आणि चांगली वाट शेवटी मोकळी सोडतो. शेवटपर्यंत राखलेला हाकू रॉनच्या वाटेत अडकतो, आणि तोवर समोरचे सावध झालेले असतात.

ते सावध का होतात हेही पाहा. तुमच्यासमोर ६-७-८ सो आणि २-३-४ पिन उघड्या पडल्या आहेत. बघणारा विचार करतो, याचा याकू कुठला? तान्याओ किंवा याकुहाई. तुमच्या टाकलेल्या टाइल्समध्ये मधले आकडे दिसले आणि टोकाचे दिसेनासे झाले की तान्याओ मागे पडतो. मग ज्याच्या हातात एकटा हाकू आहे तो तो टाकायला कचरतो. एखाद्या चीमध्ये १ किंवा ९ असेल तर तान्याओ संपलाच, आणि अनुभवी खेळाडू लगेच ड्रॅगन आणि वारे धरून ठेवतो. सुटे वारे-ड्रॅगन पहिल्या पाच-सहा पाळ्यांत सहज पडतात, नंतर पडत नाहीत. म्हणून याकुहाई बॅक करायचा तर लवकर. आठव्या-नवव्या पाळीला मी तो फार क्वचित सुरू करते.

ज्या वेळी मी तो आनंदाने करते ते प्रसंग असे. दोन याकुहाईंच्या जोड्या असतात, हाकू आणि हिरवा हात्सू, तेव्हा कुठलाही आला तरी याकू होतो आणि जिंकायची बाजू चार टाइल्सची असते. याकुहाईबरोबर होनित्सू किंवा तोइतोइची (चारही संच सारख्या टाइल्सचे) शक्यता जिवंत असते. दोन-तीन डोरा हातात असतात आणि मी ओया (डीलर) असते, कारण ओयाच्या ३ हान ३० फूला (हान आणि फू ही गुण मोजायची मापं) ५८०० मिळतात, आणि ओयापद टिकतं ते वेगळंच. शेवटच्या डावात पुढे असताना १००० चा हातही सामना संपवतो, तेव्हा किमतीचा प्रश्नच येत नाही. उलट शेवटच्या डावात ८००० ने मागे असताना १००० चा हात उघडला तर आपणच आपल्या हाताने आपलं स्थान पक्कं करतो. तिथे पुढे जायचं तर बंद हात, रीची आणि उराची आशा हेच.

तान्याओच्या बाबतीत हीच चूक जास्त वेळा होते, म्हणून दोन वाक्यं. उघड्या तान्याओत सोच्या ७-८ वर वाट ठेवली तर दिसायला आठ टाइल्स, पण ९ वर याकू नाही, म्हणजे चारच, आणि ९ पडली की वर सांगितलेलं फुरितेन. २-३ वर १-४ ची वाट असेल तर तेच. हातात ६-७-८ चा पुरा संच असताना ६ सोडून ७-८ उरवू नका, शक्य तेवढं आकार मधल्या आकड्यांकडे सरकवत राहा, ३-४ आणि ६-७ हे तान्याओतले खरे रयानमेन.

आता ते ८०००. गुणांच्या दृष्टीने हा भाग सगळ्यात महाग होता आणि टाळता येण्यासारखाही होता. एका कॉलनंतर हातात दहा टाइल्स उरतात, दोननंतर सात, तीननंतर चार. प्रत्येक कॉलबरोबर पळून जायला लागणाऱ्या टाइल्स कमी होतात. तुमच्याकडे सात होत्या आणि त्यात हाकूची जोडी. रीची आली तेव्हा चारही हाकू तुम्हाला दिसत होते: दोन टाकलेले, दोन हातातले. म्हणजे त्या दोन टाइल्सवर कोकुशी मुसो या दुर्मिळ हाताशिवाय कुणीही रॉन करू शकत नव्हतं. दोन पाळ्यांपुरती जवळजवळ पूर्ण सुरक्षितता हातात होती. शिवाय चौथा हाकू पडल्यापासून तुमच्या हाताला याकू मिळण्याचा मार्गच उरला नव्हता, भिंतीतली शेवटची टाइल सोडून. न जिंकणाऱ्या हातासाठी ६ पिन रीचीवर टाकण्यात मिळवायचं काही नव्हतं. तिथे ६ पिन हातात ठेवायची, हाकू टाकायचा, पुढच्या पाळीला दुसरा हाकू, आणि तोवर रीचीवाल्याच्या ओळीत नवी सुरक्षित टाइल शोधायची.

याकुहाईच्या जोडीचा हा दुसरा उपयोग मला फार आवडतो. दोन्ही बाजूंनी कामी येणारी दुसरी जोडी सहसा सापडत नाही: पॉन झाली तर याकू, नाही झाली तर माघारीच्या दोन पाळ्या. म्हणून मी आतोझुके सुरू करताना 'रीची आली तर पहिल्या दोन टाइल्स कुठल्या टाकेन' हे ठरवूनच पहिली ची करते. उत्तर नसेल तर ची नाही. तिसऱ्या कॉलसाठी मी आणखी कडक असते. याकू पक्का, आणि त्याबरोबर एकतर मानगान या मोठ्या हाताच्या आसपासचे गुण किंवा चांगली वाट, नाहीतर चार टाइल्सवर उभं राहायला मी तयार नसते.

इथवरचं एकत्र करते. हाकूवर बटण आलं नाही ते ९ पिनमुळे लागलेल्या फुरितेनने. वाट अडली ती पहिला हाकू सोडून नंतर हात उघडल्यामुळे. ८००० गेले ते मेलेला हात धरून ठेवल्यामुळे. दुसऱ्या चीबद्दल माझी तक्रार नाही. पहिली झाल्यावर तिच्यात गमावण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

याकू नसलेली तेनपाई मुद्दाम करण्याचीही एक वेळ असते. भिंत संपेपर्यंत कुणी जिंकलं नाही तर नोतेन (तेनपाई नसलेले) खेळाडू तेनपाईवाल्यांना मिळून ३००० देतात. एकटी मी तेनपाई असेन तर मला ३०००, बाकी प्रत्येकाचे १००० जातात. दुसरा एक जण तेनपाई असेल तर मी नोतेन राहिल्यास माझे १००० जातात, तेनपाईत आले तर १५०० मिळतात, म्हणजे फरक २५०० चा. त्यासाठी शेवटच्या तीन-चार पाळ्यांत याकूचा विचार न करता ची आणि पॉन करून आकार पुरा करणं पूर्ण योग्य आहे. याला केइशिकी तेनपाई म्हणतात. ओया असाल तर बहुतेक नियमांत तेनपाईने ओयापदही टिकतं. शिवाय भिंतीतली शेवटची टाइल उचलून जिंकलं किंवा शेवटच्या टाकलेल्या टाइलवर रॉन केलं तर तोच याकू होतो, म्हणून बिनयाकूच्या हातालाही एक शेवटची संधी असते. अट एकच, त्यासाठी टाकायच्या टाइल्स सुरक्षित हव्यात. १००० वाचवायला कुणाच्या रीचीवर अनोळखी मधली टाइल टाकू नका.

राहिलं 'कॉल नको' बटण. कायम चालू ठेवू नका. त्याने ही केइशिकी तेनपाई जाईल, शेवटच्या डावातले वेगवान हात जातील आणि हाकूवरची ती पॉनही दिसणार नाही. पण हात बंद ठेवायचं ठरवलं असेल तेव्हा मात्र ते जरूर दाबा. रॉन त्याने बंद होत नाही. ऑनलाइन खेळात कुणी टाइल टाकल्यावर तुमच्यासमोर पॉनचं बटण आलं की खेळ क्षणभर थांबतो, आणि जाणते खेळाडू तो थांबा टिपतात. दुसऱ्या पाळीला तुम्ही हाकू सोडलात तेव्हा टेबलाला कदाचित कळलंही असेल की कुणाकडे तरी हाकूची जोडी आहे. सरावाला म्हणून पुढच्या काही सामन्यांचे रीप्ले उघडा, फक्त पहिल्या कॉलपाशी थांबवा आणि त्या क्षणी याकू देणाऱ्या किती टाइल्स बाकी होत्या ते मोजा. एखादा डाव अडला तर इथेच हातातल्या तेरा टाइल्स, पाळीचा क्रमांक आणि चौघांचे गुण लिहा. गुण नक्की लिहा, कारण त्यांच्याशिवाय कॉल बरोबर होता की नाही हे मला सांगता येणार नाही.